तात्यांची स्वतंत्र लाइन

ईश्वरीने फोनवर व्हिडिओ लावला की तात्या बोलता बोलता अडखळत. आजही तेच झालं. नऊ महिन्यांची रेवा चिमण्यांचं गाणं दिसल्याशिवाय घास घेत नसे, आणि समोर भेंडी चिरत बसलेले तात्या नेमके रंगात आले होते.

"तर तुझ्या नि ओंकारच्या लग्नात त्या मांडववाल्याने... त्याने ते... काय गं ते..." सुरी हवेतच राहिली.

"थांबा तात्या, बंद करते."

गाणं थांबलं. रेवाने भोकाड पसरलं आणि तात्यांच्या डोळ्यांत उजेड परतला. "जनरेटरच आणला नव्हता लेकाने! बघ सूनबाई, तुझ्या पोरीच्या चिमण्या माझं डोकं टिपून खातात."

तात्यांच्या उजव्या कानामागे नखाएवढी स्मरणपट्टी होती. आजाराने त्यांच्या मेंदूची नवं साठवायची जागाच निकामी केली होती. चार वर्षांपूर्वीपर्यंतचं सगळं लख्ख. त्यानंतरचं काहीच टिकत नव्हतं. पट्टी दिवसभराचं सारं टिपून दूरच्या साठवणकेंद्रात ठेवी आणि लागेल तसं परत आणून देई. पण तिला स्वतःची लाइन नव्हती. ती ईश्वरीच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चाले. माणसाची आठवण कुठल्याही वायफायवर उघडी टाकायची नाही, असा नियम होता. एक तर घरातल्या जबाबदार माणसाचा फोन, तोही त्याच्या अंगावर असेल तोवरच. नाहीतर पट्टीची स्वतःची, स्वतंत्र जोडणी.

तात्यांनी उभा जन्म टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात घालवला होता. संगमनेरच्या निम्म्या घरांत त्यांनीच फोन लावले होते. त्यांना हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. "पॅरलल कनेक्शन आहे हे," ते म्हणत. "थोरला भाऊ बोलत बसला की धाकट्याने नुसता रिसीव्हर कानाला लावून बसायचं. मी तो धाकटा."

फोन घराच्या भिंतींपलीकडे गेला की मात्र तार तुटे. ईश्वरी तीन जिने उतरून फाटकापर्यंत गेली, की वर तात्या चार वर्षं मागे जात. तिथे सूनबाई नव्हती, रेवा नव्हती. तिथे त्यांच्या पत्नी मंदाताई बाजारातून यायच्या होत्या. मग तात्या दोन कप चहा करत, एक स्वतः पीत आणि दुसऱ्यावर बशी झाकून ठेवत.

मंदाताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

ईश्वरी दारात आली की पट्टी जागी होई. मधल्या वेळातलं तात्यांना काहीच आठवत नसे, पण झाकलेला कप समोर असे. ते त्याच्याकडे बघत, उचलून मोरीत ओतत, विसळून पालथा घालत. एकदाच म्हणाले होते, "तुझ्यावर राग नाही गं माझा. पण तू दारात आलीस की ती मरते. दिवसातून दोन-तीनदा मरते."

त्या दिवसापासून ईश्वरी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उगाच थोडी थांबे. पिशवी या हातातून त्या हातात घेई. तेवढीच दोन मिनिटं मंदाताईंना.

पण सोमवारी तिची रजा संपत होती. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेने दोनदा मुदत वाढवून दिली होती, तिसऱ्यांदा देणार नव्हती. ओंकार पुण्याहून शनिवारीच येई. पाळणाघर वर्षाच्या आतलं मूल घेत नव्हतं. "मी आहे की," तात्या म्हणाले होते. "पोर सांभाळायला काय खांबावर चढायचंय?"

आणि मंगळवारी झोपलेल्या रेवाला आत ठेवून ती पार्सल घ्यायला फाटकापर्यंत गेली. परत आली तर दार सताड उघडं, आणि रेवा जिन्याच्या वरच्या पायरीशी. एक हात खाली, हवेत. ईश्वरीने पार्सल टाकलं, तीन-तीन पायऱ्या चढून पोरीला उचललं. आत तात्या चहा गाळत होते. दुसऱ्या कपावरची बशी दिसली, ईश्वरीच्या कडेवरची रेवा दिसली, आणि त्यांच्या हातातली गाळणी खाली पडली.

"मी हिला बाहेर ठेवली?"

"तुम्हाला कोणाची ते कळलं नसेल, तात्या."

"कोणाचीही असेना!" ते ओरडले. मग जाऊन दाराची कडी आतून लावली.

शुक्रवारी स्वतंत्र जोडणीचं इवलंसं कार्ड आलं. ईश्वरीने ते पट्टीत बसवलं. आता फोनवरून ते फक्त सुरू करायचं होतं. त्याआधी तिने मदत केंद्राला फोन लावला.

"संध्याकाळी मी घरी आले की तासभर बंद ठेवता येईल का?"

"नाही मॅडम. एकदा सुरू झाली की नोंद सलगच लागते. तुटक नोंदीने पेशंट बिथरतात."

"आणि परत हॉटस्पॉटवर?"

"हॉटस्पॉट कायमचा सुटतो, मॅडम. संमती मात्र पेशंटची हवी. पूर्ण भानावर असताना, त्यांच्या आवाजात."

तात्यांनी ऐकलं आणि हसले. "म्हणजे ज्याचं जाणार त्याला विचारायचंच नाही. ज्याला सगळं ठाऊक आहे त्यालाच विचारायचं. आण तो फोन." त्यांनी घसा खाकरला. "मी, त्रिंबक गुंजाळ, पूर्ण भानावर, स्वतंत्र लाइन मागतो. नातीसाठी."

ईश्वरीने नोंद जपून ठेवली. सुरू करायला तिचं बोट मात्र पुढे होईना.

"चार वाजत आले," तात्या दुसरीकडे बघत म्हणाले. "पोरीला घेऊन जरा खाली जाऊन ये. वीस मिनिटं. मग खालूनच दाब."

"तात्या, तुम्हाला ते आठवणार नाही."

"मला नाही आठवणार. पण होईल तर खरं ना?"

ती रेवाला घेऊन उतरली. अंगण ओलांडून फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उभी राहिली. फोनवर अक्षरं उमटली: जोड तुटली. रेवा तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावर गॅलरीचं दार उघडलं. तात्या कठड्यावर वाकले. नुकतेच विंचरलेले केस, धुतलेला सदरा.

"ओ ताई!" त्यांनी हाक मारली. "आमची मंदा दिसली का बाजारात? हातात हिरवी पिशवी असेल."

रेवाने वर बघून हात हलवला.

"दिसल्या," ईश्वरी म्हणाली. "भाजी घेतायत. येतीलच."

"भाव करत बसली असेल!" तात्या मोकळं हसले. तसं हसताना ईश्वरीने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. ती या घरात आली तेव्हा आजार आधीच आला होता. "तिला म्हणावं, चहा झाकून ठेवलाय. आणि ताई, तुमचं बाळ गोड आहे हो. पण ऊन आहे, टोपी घाला त्याला."

वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. गॅलरीतला माणूस फाटकाकडे डोळे लावून उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता हे ईश्वरीला पक्कं ठाऊक होतं. रेवाने मणी सोडले आणि जिन्याच्या दिशेने हात पसरला, मंगळवारी पसरला होता तसाच.

ईश्वरीने बटण दाबलं.

वर कठड्यावरचे हात क्षणभर घट्ट झाले. मग गॅलरी रिकामी झाली.

आज ती कुठेच थांबली नाही. थांबून आता कोणाला काही मिळणार नव्हतं. दार उघडंच होतं. तात्या ओट्याशी उभे होते, झाकलेला कप दोन्ही हातांत धरून. त्यांनी तो मोरीत ओतला नव्हता. बशीच्या कडेला वाफेचे थेंब जमले होते.

"लाइन स्वच्छ आहे," ते म्हणाले. "जरासुद्धा खरखर नाही."

रेवा त्यांच्याकडे झेपावली. त्यांनी कप खाली ठेवला, तिला घेतलं, तिच्या टाळूवर हात ठेवला, ऊन लागलंय का बघितलं. मग तिच्या केसांवरून ईश्वरीकडे पाहिलं.

"सूनबाई, म्हणजे आता तू बाहेर गेलीस तरी मंदा यायची नाही?"