गोवऱ्यांच्या भिंतीवरची लाल खूण

या यंतूला रीतभात म्हणून ठाऊक नाही. दारात आला, रामराम नाही की चौकशी नाही, थेट गोठ्यात शिरला आणि मोरी म्हशीच्या शेपटीखाली हात धरून उभा राहिला. यंत्रमाणूस असला म्हणून काय झालं? मी जनाबाई ढेबे, चाळीस वर्षं या धनगरवाड्यावर म्हशी राखतेय. मला विचारल्याशिवाय माझ्या जनावराला कुणी बोट लावलेलं नाही. यंतू हे नाव माझ्या अकरा वर्षांच्या नातीनं, तेजलनं ठेवलं. त्याच्या पाठीवर नुसता आकडा होता.

पोरांनो, तो का आला ते ऐका. डोंगरावरचं गवत संपून तीन वर्षं झाली. आता चारा केंद्राचं पंख्यांचं यान उसाच्या पाचटाच्या दाबलेल्या वड्या टाकून जातं. त्या खाऊन आमच्या पाचही म्हशी वाळत चालल्या. पोट नगाऱ्यासारखं, वर बरगड्या उघड्या. भरल्या पोटी जनावर उपाशी कसं, हेच कळेना. म्हशी गेल्या की वाडा उठला, हे मात्र सगळ्यांना कळत होतं. म्हणून केंद्रानं यंतूला धाडलं.

यंतूनं सांगितलं ते असं. म्हशीच्या पोटाला चार कप्पे. पहिला सगळ्यांत मोठा, त्याला कोटीपोट म्हणतात (गिळलेला चारा इथं साठतो, आंबतो आणि रवंथाला परत तोंडात येतो). चारा तिथं किती वेळ थांबतो ते बाहेरून दिसत नाही. म्हणून खूणद्रव्य द्यायचं (जे पचत नाही, अंगात मुरत नाही, गेलं तसं शेणातून बाहेर येतं). ते शेणात कधी आणि किती दिसलं, यावरून आतली चाल समजते. खूण म्हटल्यावर मी कानाला डाग द्यायची सळई चुलीत घातली होती. तेजल पोट धरून हसली. पुढं बरेच दिवस घरात ते शेवटचं हसू.

यंतूनं मोरीला निळं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी शेण निळं, चौथ्या दिवशी स्वच्छ. वाट मोकळी आहे, वड्या चालू ठेवा, असं तो म्हणाला. आम्ही ठेवल्या. पाचव्या दिवशी मोरीचं रवंथ थांबलं. आठव्या दिवशी ती गेली. खड्डा खणायला वाड्यावरचे चौघे लागले.

तेजल दोन दिवस जेवली नाही. मग तिनं टोपलीत पाचट दाबून भरलं आणि यंतूसमोर वरून निळं पाणी ओतलं. पाणी खालून गळालं. पाचट जागचं हललं नाही. तिनं एवढंच विचारलं की मोरी पाणी खात होती का.

मग त्यानं दोन खुणा केल्या. निळी पाण्याबरोबर जाणारी. लाल मात्र पाचटाच्या तुकड्यांनाच अशी घट्ट बसवली की धुतली तरी सुटू नये. दोन्ही चांदरी म्हशीला दिल्या. निळी पहिल्यासारखीच भराभर आली. लाल पाचव्या दिवसापर्यंत तिसरा हिस्साच आली. यंतू म्हणाला, बाकीची लाल ज्यात होती ते शेण हरवलं, बायकांनी चुलीत घातलं असणार.

माझ्या सुनेचा, राधाचा, चेहरा उतरला. मी त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. आमच्यात प्रत्येक म्हशीच्या गोवऱ्यांची जागा वेगळी. सकाळच्या धारेनंतरची एक ओळ, संध्याकाळची तिच्यावर. सहा ओंजळी शेणाला एक ओंजळ भुसा, कमी नाही, जास्त नाही. ओली गोवरी कोण जाळतं? पाच दिवसांच्या दहा ओळी जागच्या जागी होत्या, प्रत्येकीवर राधाची बोटं.

यंतूनं दिवा लावून ओळीओळीनं पाहिलं. पहिलीत लाल नाही, मग जराशी, मग तेवढीच जराशी. भुशाचा हिस्सा सोडून सगळी बेरीज केली, तिसरा हिस्साच भरला. म्हणजे काही हरवलं नव्हतं. दिलं त्यातून आलं ते वजा करा, उरलं ते चांदरीच्या पोटात.

कारण त्यानंच सांगितलं. कोटीपोटात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते चारा फोडतात. नुसत्या पाचटात त्यांचंच पोट भरत नाही. पाचट फुटत नाही, पुढच्या कप्प्याचं तोंड लहान, मोठे तुकडे तिथंच गठ्ठा होऊन बसतात. पाणी तेवढं बाजूनं निसटतं.

आम्ही वड्या फोडून भिजवल्या आणि त्यात शेंगदाण्याची पेंड घातली, आधी मूठभर, मग वाढवत. नवव्या दिवसाची ओळ कुंकवासारखी लाल उठली. चांदरीचा जबडा हलू लागला. यंदा ती दूध देणार नाही, पण उभी राहते. बाकीच्या तिघीही सावरल्या. वरच्या वाड्यावरही याच वड्या जातात, तिथं उद्या यंतू दोन्ही खुणा घेऊन निघालाय.

निघायच्या आधी तो माझ्याकडे आला. म्हणाला, मोरीच्या निळ्या पाण्याचा त्याचा पहिला आकडा खोटा नव्हता.

मी हात धुतले आणि त्याला सांगितलं, "आकडा खराच होता रे. पण तू मोजलंस पाणी आणि बोललास चाऱ्याचं. माझी मोरी त्या दोहोंच्या मधे मेली. वर जाशील तिथं मोजशील तेवढंच सांग, आणि पुढं ठाऊक नाही म्हण. ते म्हणायला शिकलास की तुला शहाणा म्हणीन. आज नाही."