दोरीच्या घराचं दार

हे खरं घडलेलं आहे. मी तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली. गोष्टी कशा रचतात ते मला चांगलं ठाऊक आहे. ही रचलेली नाही.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. दुसरा आठवडा, सोमवार ते बुधवार. अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेला, विलकॉक्स गावापासून वीस मैलांवर, वाळवंटात.

आम्ही मिनेसोटाची माणसं. वर्षातले पाच महिने बर्फात. माझा नवरा आर्विड सुतार होता, दुसऱ्यांची घरं बांधायचा. त्या फेब्रुवारीच्या नऊ वर्षं आधी त्याने त्या वाळवंटात एक प्लॉट घेतला. आमच्या घराचा आराखडा काढून फ्रिजला लावला. शेजारी आणखी एक कागद... जाताना वाटेत काय काय बघायचं त्याची यादी. सात ठिकाणं.

"या हिवाळ्यात जाऊ," तो दर वर्षी म्हणायचा.

"पुढच्या," मी म्हणायचे.

कधी शाळेचं कारण, कधी बहिणीचं. खरं सांगायचं तर मला माझं स्वयंपाकघर सोडवत नव्हतं.

मग तो जानेवारी आला. चर्चच्या बायका सकाळी कॉफीला यायच्या होत्या. दारापुढे गुडघाभर बर्फ.

"कॉफी पिऊन काढतो," आर्विड म्हणाला.

"आधी काढ. त्या काय उड्या मारत येणार?"

त्याने फावडं घेतलं. मी खिडकीशी उभी राहून केक कापत होते. बाहेरून आवाज येत होता. खर्र... खर्र...

मग येईनासा झाला.

मला वाटलं, झालं काढून. मी अख्खा केक कापला आणि मग बाहेर पाहिलं.

त्याला शवपेटीत ठेवताना मी नवे मोजे घातले. राखाडी, लोकरीचे, माझ्या हाताने. दर नाताळला मी त्याला मोजे द्यायचे आणि फेब्रुवारीत त्यातून अंगठा बाहेर आलेला असायचा. म्हटलं, आता तरी धड मोजे घालून जा.

वर्षभराने मी प्लॉट विकायला काढला. गिऱ्हाईकही मिळालं. तेव्हा आर्विडचा धाकटा भाऊ लाइल घरी आला. लाइलला बायको नाही, पोर नाही, गाडी मात्र उत्तम.

"विक," तो म्हणाला. "पण आधी त्याची यादी पुरी करू. मग सहीला जाऊ."

"मला नाही काही बघायचं."

"तू नको बघू. मी बघतो. तू सँडविच कर."

अशी आमची सहल निघाली. सातही ठिकाणं झाली. न्यू मेक्सिकोतल्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांवर आम्ही अंड्याचे सँडविच खाल्ले. लांबवर नुसतं पांढरं.

"आर्विड असता तर म्हणाला असता, ये, इथेही फावडं घेऊन ये," लाइल म्हणाला.

मला हसू आलं, आणि मग रडू आलं ते पुढच्या गावापर्यंत थांबलं नाही. लाइल गाडी चालवत राहिला.

सोमवारी दुपारी प्लॉटवर पोचलो. काटेरी झुडपं, तांबडी वाळू, लांब डोंगर. गिऱ्हाईक बुधवारी येणार होतं. लाइलने डिकीतून खुंट्या आणि नारिंगी दोरी काढली.

"हे कशाला?"

"नऊ वर्षं फ्रिजवर पाहिलंस. एकदा घर बघून घे, मग विक."

त्याने दंताळ्याने जमीन साफ केली, खडे बाजूला ओढले. आराखडा बघून खुंट्या ठोकल्या. जिथे भिंत तिथे दोरी. जिथे दार तिथे मोकळी जागा. आर्विड असंच करायचा. गिऱ्हाइकाला दोरीच्या घरातून फिरवायचा आणि कुणी दोरी ओलांडली की ओरडायचा, "भिंतीतून काय येता? दार कशाला ठेवलंय?"

"मर्ना," लाइल म्हणाला, "तू आत्ता फ्रिजमधून चालत गेलीस."

मी परत फिरले आणि दारातून आले. आर्विडचं स्वयंपाकघर पूर्वेला होतं. माझ्यासाठी. सकाळचं ऊन ओट्यावर यावं म्हणून. ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं, नऊ वर्षांत एकदाही कळलं नव्हतं.

निघताना लाइलने आमचे ठसे दंताळ्याने ओढून वाळू सारखी केली, आणि आम्ही गावातल्या मोटेलवर परतलो.

मंगळवारी सकाळी पुन्हा गेलो. मला दोरीचे फोटो काढायचे होते.

लाइल पुढे होता. तो थांबला...

रस्त्याच्या बाजूने बुटांचे ठसे आले होते. मोठे बूट. डावा पाय बाहेर वळलेला. शिडीवरून पडल्यापासून आर्विडचा डावा पाय तसाच पडायचा.

ठसे दाराशी आले. दोरीच्या मोकळ्या जागेपाशी. आणि तिथे बूट शेजारी शेजारी ठेवल्याच्या खुणा होत्या.

आत बुटाचा एकही ठसा नव्हता.

आत मोजे घातलेल्या पायांचे ठसे होते. गुळगुळीत, बोटं न दिसणारे. फक्त उजव्या पायाचा अंगठा... स्पष्ट उमटलेला.

मी नवे मोजे घातले होते. माझ्या हाताने.

"कुणीतरी चक्कर मारून गेलं असेल," लाइल म्हणाला. "पण इथे बूट कोण काढतं? विंचू शिरतात बुटात. बूट काढतो तो आपल्याकडचा, बर्फातला माणूस."

ठसे सगळ्या खोल्यांतून गेले होते. दोरी कुठेच ओलांडलेली नव्हती. आधी स्वयंपाकघर. मग निजायची खोली. मग त्याच्या हत्यारांची खोली, तिथे तो थांबलाही नव्हता. पुन्हा स्वयंपाकघर. तिथे वाळू खूप तुडवलेली होती. मग दार, बूट, रस्ता.

"काय शोधत होता?" लाइलने विचारलं.

मला कळलं होतं. घरात कुणी नव्हतं. तो घरी आला होता आणि मी मोटेलवर झोपले होते.

त्या संध्याकाळी मी तिथेच थांबले. लाइलने खूप समजावलं, मग शिव्या दिल्या, मग रस्त्यावर गाडीत जाऊन बसला. मी दंताळ्याने रस्त्यापर्यंतची वाळू सारखी केली आणि घडीची खुर्ची स्वयंपाकघरात मांडली. थर्मास आणि दोन कप.

सूर्य डोंगरावर टेकला होता. चांगला उजेड होता. झुडपांत लाव्हे पक्षी बोलत होते.

मग ते गप्प झाले.

वाराही पडला...

रस्त्याच्या बाजूने आवाज आला. बुटांखाली वाळू. करकर... करकर... सावकाश. एक पाय किंचित घासत.

माझी पाठ दाराकडे होती. मी वळले नाही.

करकर थांबली.

धप्प.

थोड्या वेळाने दुसरा. धप्प.

आणि मग... काहीच नाही.

मोज्यांचा आवाज होत नाही. तो कुठल्या खोलीत आहे, किती जवळ आहे, काही कळेना. मी दुसऱ्या कपात कॉफी ओतली. निम्मी वाळूत गेली.

"पिऊन घे," मी म्हणाले. "मग काढ बर्फ."

तेरा महिने मला एवढंच म्हणायचं होतं.

माझ्या मागे, अगदी मागे, कुणीतरी घसा खाकरला. स्वयंपाकघरात येताना आर्विड खाकरायचा तसाच. मी दचकू नये म्हणून.

या आवाजासाठी मी रात्र रात्र रडले होते. आणि तो आला तेव्हा मी काय केलं?

मी पळाले.

दारातून नाही. समोरच्या भिंतीतून. दोरी पायात अडकली, खुंट्या उपटल्या, मी तोंडावर पडले, उठले आणि पुन्हा पळाले. लाइलने मला गाडीत कोंबलं. मग तो तसाच आत धावला आणि त्याने उरलेल्या सगळ्या खुंट्या उपटल्या, दोरी गोळा केली, डिकीत फेकली.

"संपलं," तो धापा टाकत म्हणाला. "आता इथे घरच नाही. चल."

ते त्याने माझ्यासाठी केलं. मी त्याला कधी दोष दिला नाही.

बुधवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. भला माणूस होता, बायकोला घेऊन आला होता. ते दोघं डोंगर बघत होते. मी वाळू बघत होते.

बुटांचे ठसे आलेले. दोन बूट ठेवल्याची खूण. मोज्यांचे ठसे, सरळ खुर्चीपर्यंत. खुर्चीमागे दोन पाय, जवळ जवळ. उजवा अंगठा.

माझे पळत गेलेले ठसे. लाइलचे.

बाहेर गेलेला, त्याचा... एकही नाही.

आर्विडने आयुष्यात कधी दोरी ओलांडली नाही. तो दारानेच यायचा, दारानेच जायचा. आणि आम्ही दारच उपटून नेलं होतं.

"प्लॉट विकायचा नाही," मी म्हणाले. गिऱ्हाइकाची बायको रागावली. लाइल डिकीकडे गेला आणि दोरी घेऊन आला. खुंट्यांची भोकं अजून दिसत होती. आम्ही दार होतं तिथेच ठेवलं आणि दोन दिवस गाडीत बसून वाट पाहिली.

कुणी बाहेर आलं नाही.

आता तिथे घर आहे. त्याच्याच आराखड्याचं, एक फूटही न बदलता. मी तिथेच राहते आणि हे स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. खुर्ची होती तिथेच आहे. रोज संध्याकाळी मी दोन कप भरते, दाराकडे पाठ करून बसते आणि सांगते की या वेळी मी पळणार नाही. दार उघडं असतं. लाइल फोनवर विंचवांच्या नावाने ओरडतो.

परवा तो येऊन गेला. निघताना दाराशी बूट चढवत म्हणाला, "मर्ना, तो आहे का गं इथे?"

एखाद्या संध्याकाळी लाव्हे अचानक गप्प होतात. पण घसा कुणी खाकरत नाही. बहुतेक मी पुन्हा दचकेन म्हणून.

वाळू असती तर सकाळी कळलं असतं. पण आराखड्याच्या खाली आर्विडने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. सगळीकडे फरशी घालायची, मर्नाला पुसायला सोपी.

फरशीवर मोज्यांचे ठसे उमटत नाहीत.