फ्रिजच्या पाठीवरच्या मुगवड्या

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही. ठेवू नकाच! अख्ख्या चंद्रपुरात कुणी ठेवला नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांशी गप्पा मारते, पण ही गोष्ट ऐकल्यावर तीसुद्धा गप्प झाली. तरी सांगतो : गेल्या मे महिन्यात आमच्या फ्रीझरमध्ये परग्रहावरचा पाहुणा राहायला होता. शपथ!

"कोणाची शपथ, आबा?" माझी नात शाल्मली म्हणाली. वय वर्षं दहा, आणि संशय वकिलाचा. "मागच्या वेळी माझी घेतलीत आणि मला ताप आला."

"कुलरची शपथ. आता ऐक."

पाहुण्याचं नाव होतं खिर्र. लिंबाएवढा, निळसर, काचेसारखा, सहा पायांचा. त्याच्या ग्रहावरून सूर्य टिकलीएवढा दिसतो, त्यामुळे तिथं सगळं कायमचं गोठलेलं. त्याला खरं तर दक्षिण ध्रुवावर उतरायचं होतं. पण यानाच्या चालकानं नकाशा उलटा धरला आणि खिर्रला सोडलं कुठं, तर मे महिन्यात चंद्रपूरला! बाहेर सत्तेचाळीस अंश. बिचारा आमच्या खिडकीच्या कठड्यावर पडला, तुझी आजी दूध काढायला फ्रिज उघडते आहे हे त्यानं पाहिलं आणि जी उडी मारली ती थेट फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीवर. यान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यायला येणार होतं.

"मग राहू द्या की त्याला," शाल्मली म्हणाली. "मटार थोडे खाईल."

मटार खाऊ दे गं! पण उणे पाचच्या वर गेलं की खिर्रचे पाय ठिबकू लागतात आणि शून्य अंशाला त्याचं पुरतं पाणी होतं. आणि ते पाणी पुन्हा गोठवलं, तर नुसता बर्फ मिळतो. खिर्र मिळत नाही.

शाल्मली सरसावून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीझरच्या आतून टकटक झाली. मी दार किलकिलं केलं.

"आबा," खिर्र बारीक आवाजात म्हणाला, "माझा एक पाय ठिबकतोय."

आतला तापमापक पाहिला. उणे अठरा असायला हवं, तर उणे तीन! मी ताबडतोब दुरुस्ती केंद्राला फोन लावला. तिथला यंत्रमानव गोड आवाजात म्हणाला, "आपला क्रम परवाचा आहे. तोवर थंड राहा." मी थंड राहीन रे बाबा, पण पाहुण्याचं काय?

"आजीनं गरम वरणाचं पातेलं आत ठेवलं असेल," शाल्मली म्हणाली.

"मी आधी तेच पाहिलं. नव्हतं."

"मग वीज गेली असेल."

"दार उघडल्यावर आतला दिवा लागत होता."

"मोटर बंद पडली असेल!"

छान शंका. मी फ्रिजला कान लावला. मोटर घूंऽऽ करत होती. पण एक गोष्ट खटकली. चांगला फ्रिज हवं तेवढं गार झालं की गप्प बसतो, मग पुन्हा सुरू होतो. हा सकाळपासून एकदाही थांबला नव्हता. म्हणजे गडी राबत होता, पण काम होत नव्हतं.

मग दाराचं रबर. ते सैल झालं तर बाहेरची गरम हवा आत शिरते. त्याची परीक्षा सोपी असते. मी कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. सहज निघाली तर रबर सैल. पण पट्टी घट्ट! फ्रीझरच्या भिंतींवर बर्फाचा जाड थर साचला तरी गारवा अडतो, कारण तो थर गोधडीसारखा मध्ये येतो. तोही नव्हता.

"उणे दोन," आतून खिर्र म्हणाला. "आबा, दुसरा पायही ठिबकतोय. तुमचा थंडी बनवायचा कारखाना बंद पडला का?"

मी चमकलो. "काय म्हणालास? थंडी कोण बनवतं?"

"हे यंत्र."

"छे! थंडी नावाची वस्तूच नसते, लेका. एखाद्या वस्तूतली उष्णता कमी झाली, की आपण तिला थंड म्हणतो. फ्रिज काही बनवत नाही. तो नुसता हमाल आहे. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची."

"कसा उचलतो?"

मग मी त्याला दाराच्या फटीतून समजावलं. दरवाज्याजवळच्या मातीच्या रांजणातून पाणी झिरपतं आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती रांजणातल्या पाण्याकडून घेतली जाते, म्हणून आतलं पाणी गार. फ्रिजच्या नळ्यांमध्ये शीतक (सहज उकळणारा, उष्णता वाहून नेणारा पदार्थ) फिरतो. फ्रीझरजवळ त्याची वाफ होते आणि जाता जाता मटारमधली, दुधातली, खिर्रच्या पायांतली उष्णता तो उचलतो. पुढे कॉम्प्रेसर (वायू दाबणारा पंप) ती वाफ दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक कसं तापतं? तशी दाबलेली वाफ तापते. इतकी, की खोलीच्या हवेपेक्षाही गरम!

"मग?" खिर्र आणि शाल्मली, दोघांनीही इथंच विचारलं.

मग ती गरम वाफ कंडेन्सरमध्ये (वाफेचं पुन्हा द्रव करणाऱ्या नळ्यांमध्ये) जाते. आमच्या जुन्या फ्रिजच्या पाठीवर काळी जाळी आहे ना, तीच ती. तिथं उष्णता खोलीतल्या हवेला देऊन टाकायची, पुन्हा द्रव व्हायचं आणि एका बारीक नळीतून दाब सोडत, गार होत परत फ्रीझरकडे यायचं. झाली एक फेरी.

"म्हणजे हमालानं माझी उष्णता उचलली," खिर्र म्हणाला, "आणि ती टाकायला जागाच मिळाली नाही, तर?"

"आबा!" शाल्मली ओरडली. "फ्रिजच्या मागं बघा!"

अगदी तसाच मीही ओरडलो होतो! मागं डोकावलो, आणि काय पाहतो? फ्रिज भिंतीला घट्ट चिकटलेला, काळ्या जाळीवर तुझ्या आजीची जुनी साडी पसरलेली आणि साडीवर रांगेनं मुगवड्या. वर दोऱ्याला कुरडया लटकलेल्या. सगळं पडू नये म्हणून फ्रिज मागं ढकलून दाबून टाकलेला!

"सुलोचना! हे काय आहे?"

"वाळवण," आजी शांतपणे म्हणाली.

"फ्रिजच्या पाठीवर?"

"मंग कोठं? गच्चीवर तुमच्या सौरपट्ट्या ठाण मांडून बसल्या. पापड घालायला वीतभर जागा नाही ठेवली. इथं छान गरम हवा येते, दोन दिवसांत कडक वाळतात. फुकट जाणारी ऊब वापरली तर बिघडलं कोठं?"

"अगं, पाहुणा वितळतोय!"

"अहो, मग बोलत काय बसलात? हलवा फ्रिज!" आजीनं पदर खोचला. स्वतःच मुगवड्यांची साडी चारी टोकांनी गोळा केली आणि सोफ्यावर नेऊन टाकली. एकही वडी तुटली नाही हो!

आधी प्लग काढला. लक्षात ठेव, मागं हात घालायचा तर वीज बंद, आणि हे काम मोठ्यांचं. फ्रीझरचं दार मात्र घट्ट लावून ठेवलं, म्हणजे उरलेला गारवा आतच. फ्रिज पुढं ओढला. जाळीवर धुळीची लोकर चढली होती, ती आजीनं मऊ ब्रशनं हलकेच झाडली. भिंतीपासून वीतभर जागा सोडली आणि प्लग लावला.

घूंऽऽ!

आम्ही दार उघडलं नाही, नुसते कान लावून बसलो. आतून आवाज नाही. आजी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. बराच वेळ गेला, आणि मोटर आपणहून टक्‌ करून थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच!

"आबा," आतून खणखणीत आवाज आला, "पाय कडक झाले! सहाच्या सहा!"

आजीनं टाळ्या वाजवल्या. मी तर फ्रिजला मिठी मारली. खिर्र म्हणाला, "आमच्या ग्रहावरही उष्णतेची अशीच हमाली करायची. जमिनीखाली थोडी ऊब आहे. ती उचलून एका काचघरात टाकली, तर आमच्याकडे पहिलं झाड उगवेल!" तुम्हा मुलांनाही सांगतो, हीच युक्ती उलटी लावून थंड प्रदेशांत माणसं घरं उबदार करतात.

"ते राहू द्या, आबा. यान आलं का?"

आलं ना! खिडकीशी येऊन उभं राहिलं. पण फ्रिजपासून खिडकीपर्यंत भट्टीसारखं तापलेलं स्वयंपाकघर! खिर्रनं निघायचं कसं? मग मी काय केलं, फ्रिजचं दार सताड उघडलं, दारं-खिडक्या लावल्या आणि मोटर चालू ठेवली. बघता बघता स्वयंपाकघर गारठलं. ओट्यावर बर्फ! आजीनं स्वेटर घातला, शेगडीवरचं दूध गोठलं, आणि खिर्र बर्फावरून घसरत घसरत...

"थाप! थाप! थाप!" शाल्मली उठून उभीच राहिली. "आबा, हमाल पुढून उष्णता उचलणार आणि मागून त्याच खोलीत टाकणार! वर मोटरची स्वतःची गरमी! स्वयंपाकघर गार नाही, आणखी गरम झालं असतं, आणि खिर्रचं तिथंच पाणी! बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये घालून त्याला खिडकीपर्यंत नेलं असेल, तरच मी ही गोष्ट ऐकून घेणार!"