नदीकाठचं पान

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा हार्लन सवयीने दोघांची कॉफी करत होता. लेनोरा गेली, असं डॉक्टर म्हणाले. तो "बरं" म्हणाला, फोन ठेवला आणि दोन्ही कप भरले. मग कितीतरी वेळ त्याला कळेना... दुसऱ्या कपाचं काय करायचं?

ती भेटली तेव्हाही त्याला काही कळत नव्हतं. आयोवातल्या त्यांच्या गावच्या कोर्टात, ज्यूरीच्या बाकावर दोघं शेजारी बसले होते. खटला होता पुस्तकवाल्या एल्मरवर, अश्लील पुस्तक विकल्याचा. त्याच्या दुकानातल्या फोटोंच्या एका पुस्तकात नदीकाठी नवराबायको होते, अंगावर काहीच नाही. सरकारी वकिलाने तो फोटो दाराएवढा करून उभा केला. हार्लनने मान खाली घातली.

"बूट छान आहेत," शेजारून कुजबुज आली. "पण खटला त्यांच्यावर नाहीये."

निकालाआधी ज्यूरीने खटल्याबद्दल आपसात बोलायचं नाही, असा नियम. म्हणून ते बाकी सगळ्याबद्दल बोलले. तिचं कापडाचं दुकान, तो दुरुस्त करायचा ते ट्रॅक्टर, खिडकीवरून ओघळणारा पाऊस...

शेवटी जज्जसाहेबांनी कायदा समजावला आणि सगळे आणखीच गोंधळले. नुसतं उघडं अंग हा गुन्हा नाही. इथल्या सर्वसाधारण माणसाच्या नजरेने बघा. एक पान नको, सगळं पुस्तक बघा. त्यात खरोखर कला असेल, तर तुम्हाला कितीही किळस येवो, राज्यघटना शिक्षा करू देत नाही.

बंद खोलीत बारा जणांनी त्या मोठ्या फोटोवरच अख्खी दुपार वाद घातला.

"सर्वसाधारण माणूस म्हणजे कोण हो?" लेनोराने विचारलं. "तुम्ही?"

"मी... ट्रॅक्टर दुरुस्त करतो."

"मग तुम्हीच! फोटो बघून काय वाटलं?"

"मी बघितलाच नाही."

"पुस्तक तर आपण कोणीच बघितलं नाही. एल्मर तुरुंगात जाईल, आणि आपण एका पानावर—"

पुस्तक टेबलावरच होतं, कोर्टाच्या पिशवीत. पुराव्याला हात लावायचा नसतो, असं सगळे धरून बसले होते. तिने शिपायाकरवी जज्जना विचारलं. उत्तर आलं, तुमच्यासाठीच ठेवलंय, उघडा.

पानं उलटत गेली. तेच नवराबायको, कापणीला, चर्चमध्ये, बाळाला पुरताना. नदी त्यानंतर होती. त्या पानावर मात्र हार्लनची नजर लेनोराकडे वळली. तिचे डोळे भरले होते.

एल्मर सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिने हार्लनला गाठलं. "आता बोलायला बंदी नाही. काय दिसलं तुम्हाला?"

"तुम्ही."

"अन् फोटो?"

"तो... राहिला."

"अस्सं! मग लग्न करूनच दाखवावा लागणार."

केलंही. ते पुस्तक तिने एल्मरकडूनच विकत घेतलं. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ती उघडून बसायची, आणि तेवढ्या पानाला हा तिच्याकडे बघायचा.

"अरे, बघ की एकदा!"

"बघतो गं. पुढच्या वर्षी."

आता पुस्तक टेबलावर आहे, गार झालेल्या कपाशेजारी. नजर वळवायची तर समोर रिकामी खुर्ची. हार्लन पानं उलटतो, कापणी, चर्च, बाळ... आणि थांबतो.

नदीकाठचा तो फोटो त्याने अजून पाहिलेला नाही.