टाकीतले करकोचे

सकाळी नऊ वाजता करकोच्यांचा थवा टाकीतून सरळ उडाला. दुपारी दोनला तोच थवा पार विस्कटला. पक्षी मात्र टाकीत एकही नव्हता. होते फक्त आठ स्पीकर.

सन २०५२. पिंपळदऱ्याची पाण्याची जुनी, कोरडी टाकी आता आवाजाचं दालन होणार होती. तलावावर पूर्वी येणाऱ्या करकोच्यांचे आवाज सातवीतल्या मधुजाने जमवले होते. आवाज एका स्पीकरवरून दुसऱ्यावर सरकत जायचा. डोळे मिटले की थवा डोक्यावरून गेल्यासारखा वाटे.

सरपंच कालिंदीताईंनी बजावलं होतं, "दिवसभर कुणी हात न लावता चाललं पाहिजे. बटण दाबायला माझ्याकडे माणूस नाही. उद्या संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर टाकीत सिमेंटची पोती ठेवू."

"आठ स्पीकरची आठ यंत्रं आम्ही आठ जणांनी एक-दोन-तीन म्हणून एकदम सुरू केली!" मधुजा रडवेली झाली.

"सकाळी थवा सरळ होता ना?" शाळेचा यंत्रमानव कानू म्हणाला. "मग चूक सुरुवातीत नाही, नंतर होतेय."

प्रत्येक यंत्रात एक स्फटिक (वीज दिली की ठरावीक गतीने थरथरणारा खडा) असतो. त्या थरथरीवर यंत्र वेळ मोजतं. पण दोन स्फटिक अगदी सारखे कधीच नसतात. कानूने मोजून पाहिलं. पहिलं आणि आठवं यंत्र तासाला सेकंदाच्या दहाव्या भागाने वेळेत एकमेकांपासून दूर जात होती.

"म्हणजे पाच तासांत अर्धा सेकंद. एवढंसंच?"

"लेझीमच्या रांगेत अर्धा सेकंद चुकलीस, तर सर काय म्हणतात?"

"ते सांगण्यासारखं नाही," मधुजा हसली आणि एकदम थांबली. "पण लेझीम खेळताना आम्ही मनात मोजतच नाही. सगळे एकच हलगी ऐकतो. कानू, आठ घड्याळं नकोतच! एकच हवं!"

त्यांनी आठही आवाज एकाच यंत्रात भरले. त्याला आठ वाहिन्या (आवाज बाहेर नेणाऱ्या वेगळ्या वाटा) होत्या, पण स्फटिक एकच. तो जरा पुढे धावला, तरी आठही आवाज त्याच्याबरोबर धावणार. सोबत कानूने राखणदार (यंत्रावर लक्ष ठेवणारं छोटं उपकरण) बसवला. यंत्र दर पाच सेकंदांनी त्याला 'मी ठीक आहे' अशी खूण पाठवी. खूण आली नाही, तर राखणदार यंत्र बंद करून पुन्हा सुरू करी. वीज जाऊन आली, तरी यंत्र आपलं आपण चालू होणार होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजताही थवा सरळच उडत होता. कालिंदीताईंनी डोळे मिटून ऐकलं. मग प्लग उपटला.

"ताई!"

"आमच्याकडे वीज अशीच जाते, बाळ." त्यांनी प्लग परत लावला.

टाकी गप्प. मधुजाचा हात बटणाकडे गेला.

"हात मागे," कानू पुटपुटला.

तिने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि मनात आकडे मोजले. एकेचाळीसला पहिला करकोचा ओरडला आणि त्याच्यामागून अख्खा थवा डोक्यावरून सरळ निघून गेला.

कालिंदीताई वर बघतच राहिल्या. "पोती दुसरीकडे ठेवू," त्या म्हणाल्या. "शेजारच्या गावात एक कोरडी विहीर आहे, तिथेही असं दालन होईल. शनिवारी बघायला येतेस?"

"शनिवारी सकाळची शाळा असते," मधुजा ताठ मानेने म्हणाली. "दुपारी येते."