फाट्यावर थांबायचं

त्या रविवारी सकाळी तुळशीरामनं विजेवरची स्कूटर चार्जिंगवरून काढली, फडक्यानं पुसली आणि कौशल्याबाईची वही सीटखालच्या डिक्कीत ठेवली. बीबी गावात फाल्गुनातलं ऊन आठालाच चटका देतं, म्हणून डोक्याला उपरणं गुंडाळलं. सुनेनं, प्रतीक्षानं, दारातून विचारलं, "एकटेच चालले का मामाजी?"

"हाव. वहीत लिव्हलं आहे ना तिनं," तो म्हणाला. बायकोनं आखून ठेवलेल्या रस्त्यानं माणूस फिरायला निघाला, यात भ्यायसारखं काही नव्हतं.

पण आधी त्या वहीबद्दल सांगायला पाहिजे. तुळशीराम एकतीस वर्षं बसवर ड्रायव्हर होता. जिल्ह्यातला एकही रस्ता त्यानं सोडला नाही, आणि बायकोला मात्र हौसेनं कुठं नेलं नाही. रिटायर झाला, गुडघे गेले, तेव्हा मुलानं, सागरनं, दिवाळीत ही गाडी आणून दिली. कौशल्याबाईला गाडीचा भारी लळा लागला. "काई आवाजच नाही इचा," ती म्हणायची. "आली कवा, गेली कवा, शेजाऱ्याले पत्ताच लागत नाही."

मग थंडीभर ती अंगणात उन्हाला बसून नातवाच्या अर्ध्या कोऱ्या वहीत बेत लिहीत राहिली. पळस फुलला की चार रविवार, चार फेऱ्या. कुठून कुठं, कुठल्या झाडाखाली डबा सोडायचा, कुठल्या वळणावरून लोणारच्या सरोवराचं पाणी दिसतं, सगळं. बॅटरी दगा देईल याची तिला भारी धास्ती. म्हणून तुळशीरामनं सेहेचाळीस किलोमीटरची फेरी दोनदा करून पाहिली. एकटा गेला तर घरी येईस्तोवर पन्नास टक्के उरले. तिला मागं बसवून गेला तर अडतीस उरले. तिनं दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि चारही फेऱ्या सेहेचाळीसच्याच बसवल्या. "म्हंजे मधात कोणाच्या दारी चार्जिंग मांगाले जावं लागणार नाही," ती म्हणाली.

चौथी फेरी होती तिच्या माहेरची, दुसरबीडच्या बाजूला. त्या पानावर ना झाड, ना डबा. फक्त दोन शब्द होते: फाट्यावर थांबायचं.

तुळशीरामनं ते वाचलं तेव्हा त्याची मान खाली गेली. एकोणीस वर्षं ती त्या फाट्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

चैत्रातली दुपार होती ती. ती माहेरी गेली होती आणि तिची आई मेहकरला दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. निरोप आला तशी ती तीन किलोमीटर पायी फाट्यावर आली. नवऱ्याची बस बाराला तिथून जाते हे तिला ठाऊक. तुळशीरामला ती लांबूनच दिसली. जांभळं लुगडं, डाव्या हातात पिशवी, उजवा हात वर. गाडी खच्चून भरलेली. मागच्या दोन थांब्यांवर हात दाखवणाऱ्यांना त्यानं सोडलं होतं, आणि तपासणीचे साहेब गाडीतच बसले होते. घरच्या माणसासाठी थांबला, असं कोणी म्हणू नये, एवढंच त्या क्षणी त्याच्या मनात आलं. कंडक्टरनं दोरी ओढली. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. दोन वाजल्या. तो गेला. पुढची गाडी दोन तासांनी होती, आणि ती पोचली तेव्हा आई राहिली नव्हती.

घरी आली, स्वयंपाक केला, त्याला वाढलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि आता ती तिथं थांबायला सांगत होती. तुळशीरामनं ठरवलं होतं, त्या फाट्यावर गाडी उभी करायची, तिला खाली उतरवायचं आणि माफी मागायची. एवढ्या वर्षांत जमलं नाही ते तिथं जमलं असतं. पण माघात तीन दिवसांचा ताप आला आणि कौशल्याबाई गेली. पळस फुलला तो ती गेल्यावर.

तर पहिला रविवार. लोणारच्या बाजूला जुन्या रस्त्यानं जायचं, असं वहीत होतं. नवा रस्ता झाल्यापासून तिकडून कोणी जात नाही. दोन्हीकडं पळस नुसता लाल झालेला, पान म्हणून नाही. गाडीला आवाज नसल्यानं फुलं पडल्याचंही ऐकू येत होतं. पहिल्याच वळणावर जुना निवारा लागला. पत्रे उडालेले, बाकडं मोडलेलं, बाभळी आत शिरलेल्या. तिथं बस थांबणं बंद होऊनही दहा-बारा वर्षं झाली असतील.

आणि तुळशीरामनं ब्रेक लावला. मुद्दाम नाही हो. एकतीस वर्षांचा पाय आणि एकतीस वर्षांचा हात, थांबा आला की आपसूक थांबतात. गाडी उभी राहिली, त्यानं पाय टेकला, म्हातारं माणूस चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो थांबला. मागं न बघता तो हळूच म्हणाला, "बैस."

मागचा शॉकअप दबला.

कच्च असा आवाज झाला आणि गाडी मागून खाली बसली, कोणी टेकलं की बसते तशी. तुळशीरामच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण खरं सांगायचं तर भीती नंतर आली, आधी आला तो आनंद. त्याचे डोळे भरले. "नीट धर," तो म्हणाला.

निवाऱ्यापलीकडं एक म्हातारी शेळ्या चारत होती. रुखमाबाई तिचं नाव, त्याच शिवारातली, त्याच्या गाडीनं कैकदा बाजारला गेलेली. ती रस्त्यात आली.

"डायव्हरभाऊ, तिथं काऊन थांबले तुम्ही?"

"असंच. सवय."

"तिथं थांबत नसतात. आमची शेळीबी जात नाही तिकडं." ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही काई बोलले तर नाही ना... बैस गिस?"

तुळशीराम हसला. "बायको हाय माही मांगं. भेऊ नको."

रुखमाबाईनं सीटकडं पाहिलं. मग आणखी वर पाहिलं, त्याच्या डोक्याच्याही वर. "तुमची बायको..." ती म्हणाली, "एवढी उंच होती का?"

"नाही. माह्या खांद्याले लागे."

म्हातारीनं शेळ्या वळवल्या आणि रस्ता सोडून रानातून निघून गेली. तुळशीरामनं ते मनावर घेतलं नाही. खरं तर घ्यायचंच नव्हतं त्याला.

घरी येऊन त्यानं आकडा पाहिला. बत्तीस. एकट्यानं पन्नास उरायला पाहिजे होते, तिला घेऊन अडतीस. बत्तीस म्हणजे तिच्याहून जड काहीतरी. तो जरा चरकला. मग म्हणाला, बायकांबरोबर पिशव्या असतातच, इतक्या दिवसांनी निघाली तर चार वस्तू जास्त घेतल्या असतील. माणूस एकदा स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला वकील लागत नाही. "उतर व, घर आलं," तो म्हणाला. शॉकअप वर आला, कच्च.

दुसरा रविवार झाला, तिसरा झाला. अंगणात गाडीवर बसला की तो म्हणायचा "बैस", आणि कोणीतरी बसायचं. रस्ताभर तो बोलत जायचा. हे पाह्य पळस, हे पाह्य पाणी, इथं तू डबा सोडायचं म्हणे ना. मागून उत्तर यायचं नाही. कौशल्याबाईच्या अंगाला खोबरेल तेलाचा वास असायचा. मागून येणारा वास वेगळा होता, वर्षानुवर्षं न उघडलेल्या खोलीचा. प्रत्येक वेळी घरी आल्यावर बत्तीसच उरायचे. सागरनं गाडी दाखवून आणली, बॅटरी चांगली निघाली.

"बाबा, तुम्ही कोणाले सोडाले जाता का दर रविवारी?" सागरनं विचारलं.

"तुही माय असते मांगं," तो म्हणाला. पोरगा उठून बाहेर गेला. प्रतीक्षा सासऱ्याच्या ताटात वाढता वाढता रडली, पण तुळशीराम त्या दिवसांत सुखात होता. त्याला एकच लागून राहिलं होतं, चौथा रविवार.

चैत्र लागला होता. तो मुद्दाम उशिरा निघाला, फाट्यावर बाराला पोचायचं म्हणून. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. कापलेल्या गव्हाची रानं पिवळीजर्द, डांबरावर वाफ. तो मनाशी शब्द जुळवत होता. थांबायचं, उतरायचं, तिच्याकडं तोंड करायचं आणि म्हणायचं, चुकलो. बाकी काही बोलायचं नाही. मागचं वजन त्या दिवशी फार शांत होतं. पाठीला थंडपणा लागत होता, त्या उन्हात.

फाट्यावरचं लिंबाचं झाड दिसलं. त्याखाली कोणीतरी उभं होतं.

जांभळं लुगडं. डाव्या हातात पिशवी. उजवा हात वर.

ती कौशल्याच होती. पन्नास पावलांवरून त्यानं तिची चप्पलसुद्धा ओळखली, अंगठा तुटलेला, दोऱ्यानं बांधलेला. तिनं त्याला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं आलं, आला बाई एकदाचा, असं.

तुळशीरामचं अंग गारठलं. ती तिथं आहे. मग इतके रविवार... मांगं कोण हाय?

त्यानं ब्रेककडं बोटं नेली. आणि कानाशी, अगदी डोक्याच्या वर, घंटी वाजली.

टिंग टिंग.

दोन. त्या गाडीला घंटी नाही, दोरी नाही, काहीच नाही. पण दोन वाजल्या, आणि त्याच्या हातानं मूठ पिळली. मन नको नको म्हणत होतं, हात ऐकत नव्हता. एकतीस वर्षं हात मनाचं नाही, घंटीचं ऐकत आला होता. गाडी तिच्यासमोरून निघून गेली. आरशात त्याला दिसलं, तिचा वर केलेला हात सावकाश खाली आला. त्या दिवशीही तो असाच खाली आला होता.

पुढं जाऊन त्यानं गाडी वळवली. ती पुन्हा तिथंच होती, पुन्हा हात वर, पुन्हा चेहऱ्यावर तेच. तो ओरडला, "थांबतो व... थांबतो..." टिंग टिंग. गेला. परत वळला. किती वेळा वळला ते त्यालाही सांगता येत नाही. दर वेळी ती आशेनं हात वर करायची आणि दर वेळी तो तिच्यासमोरून जायचा. एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं तिला एकदा सोडलं होतं. त्या दुपारी त्यानं तिला दिवस कलेपर्यंत सोडलं.

बॅटरी संपली तेव्हा तो गाडी टाकून फाट्याकडं पळत आला. लिंबाखाली कोणी नव्हतं. सागर टेम्पो घेऊन शोधायला आला, तेव्हा म्हातारा तिथल्या मातीत बसून "चुकलो, चुकलो" म्हणत होता. टेम्पोत गाडी चढवायला चार माणसं लागली. एरवी दोघांत चढते.

त्याला महिना झाला. तुळशीराम आता गाडीवर बसत नाही. गाडी मागच्या छपरीत उभी असते, चावी प्रतीक्षाच्या कपाटात असते. पण रोज दुपारी गाडीचे किलोमीटर सेहेचाळीसनं वाढलेले असतात आणि चाकाला पळसाच्या वाळक्या फुलांचा चुरा लागलेला असतो. अकरा वाजले की घरातले लोक मागचं दार लावून घेतात. हँडल कोणाच्या हातात असतं ते कोणी पाहिलेलं नाही, आणि गाडी जाताना कोणी ऐकलेली नाही. तिला आवाजच नाही.

सागर म्हणाला होता, चार्जिंगच बंद करू, विकून टाकू. तुळशीरामनं त्याचे पाय धरले, पोटच्या पोराचे. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो स्वतः उठतो, पिन लावतो आणि शंभर होईस्तोवर जवळ बसून राहतो. गाडी गेली नाही तर त्या फाट्यावर कोणीच जाणार नाही, आणि ती तर तिथं उभी असणार. गाडी गेली तर निदान एखाद्या दिवशी थांबेल. थांबली, तर तिचं वजन वाढेल आणि आकडा खाली येईल. वीस होईल, अठरा होईल. एवढ्यावर म्हातारा जगतो आहे.

दुपार टळली की तो खाटेवरून हाक मारतो, "प्रतीक्षा, पाह्य बरं... आज किती उरले?"

ती दार किलकिलं करून बघते. मागची सीट अजून दबलेली असते.

"बत्तीसच आहेत, मामाजी."