मागून येणारा 'हं'

हे खरं घडलेलं आहे. पटणार नसेल तर इथेच थांबा. ज्यांना पटत नाही अशी दोन माणसं मला घरातच आहेत आणि त्यांच्यापुढे डोकं आपटून मी थकलोय.

एक माझी ताई. दुसरा चुलतभाऊ, ढब्या.

मी सहावीत होतो. काका जंगलातल्या रस्त्याच्या मोजणीवर होते. सुट्टीत आम्ही तिघं त्यांच्या क्वार्टरवर राहायला गेलो होतो. त्या दुपारी जेवून ओढ्यापर्यंत भटकलो. परत फिरलो... आणि धुकं उतरलं.

हात लांब केला तर बोटं दिसेनात.

त्यात ताईचा पाय मुरगळला. डोकं मात्र शाबूत होतं. ढब्या पुढे, काठीने वाट चाचपत. ताई मध्ये, त्याच्या खांद्यावर भार टाकून. मी मागे, तिच्या स्वेटरचं टोक धरून, तिघांच्या पिशव्या गळ्यात अडकवून.

"मी गोष्ट सांगते," ताई म्हणाली. "तुम्ही दोघांनी आळीपाळीने 'हं' म्हणायचं. कुणाचा 'हं' आला नाही, तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं."

"आणि गोष्ट बोअर असली तर?" ढब्याने विचारलं.

"तरी म्हणायचं, गाढवा."

एका शिंप्याची सुई हरवते आणि तो ती शोधायला निघतो, अशी काहीतरी गोष्ट होती.

"हं." ढब्या.

"हं." मी.

बराच वेळ असं चाललं. मग माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी वाकलो. स्वेटरचं टोक सुटलं.

मी ओरडलो नाही. कशाला ओरडू? माझा 'हं' गेला नाही की थांबणारच होते. तसं ठरलंच होतं.

पुढून ताईचा आवाज आला. "मग शिंप्याने म्हातारीचं दार ठोठावलं..."

"हं." ढब्या.

आणि मग...

"हं."

आवाज माझा होता. तोंड माझं बंद होतं.

ते थांबले नाहीत. का थांबतील? मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. कुणी ओ दिली नाही. ताईचा आवाज बारीक होत गेला आणि त्यामागोमाग माझा 'हं'. अगदी शहाण्या मुलासारखा, वेळेवर.

मग काहीच नाही.

पाखरू नाही. पान नाही.

काय करावं सुचेना. रडत रडत मी गोष्टच पुढे सांगायला लागलो, मोठ्याने. "शिंप्याने... दार ठोठावलं..."

"...हं."

समोरून. हाताच्या अंतरावरून.

मी पाऊल टाकलं. पुढचं वाक्य बोललो. 'हं' थोडा पुढे सरकला. मी गप्प, की तोही गप्प. मी बोलत राहिलो, तो पुढे सरकत राहिला.

"दार उघडलं, आणि आत..."

मी ताईच्या पाठीवर आदळलो.

"ढकलतोस काय? इतका वेळ चांगला मागून येत होतास की!"

थोड्याच वेळात वनरक्षकाची शिट्टी ऐकू आली. आम्हाला शोधायला निघाले होते. वाचलो.

आता ताई कंपन्यांमध्ये जाऊन ट्रेनिंग देते. विषय टीमवर्क. प्रत्येक वेळी हाच किस्सा. ढब्याच्या काठीचे आभार, वनरक्षकाचे आभार, आणि माझ्या 'एकदाही न चुकलेल्या हं'चे आभार. टाळ्या!

अगं, तो माझा नव्हताच!

एकमेकांना धरून राहिलो म्हणून वाचलो, हे मलाही मान्य आहे. त्या दोघांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण मला परत आणून सोडणाऱ्याचं कुणी नाव काढत नाही. आणि मला मागे टाकायला लावलं तेही त्यानेच. त्याचे आभार मानू की त्याला शिव्या घालू? हजारदा सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या रविवारी संध्याकाळी आम्हा तिघांचा व्हिडिओ कॉल होता. ताईने नेहमीप्रमाणे आपलंच घोडं दामटलं. बायकोने मिक्सर लावला होता, म्हणून मी फोन म्यूटवर टाकून ओटा पुसत होतो. शेवटी आवाज सुरू केला.

"पटलं ना एकदाचं?" ताई खूश होती. "किती छान हं हं करत होतास."

"मीही ऐकलं," ढब्या म्हणाला.

"मी म्यूटवर होतो."

"फोन बदल मग!" दोघंही हसले.

"ताई, त्या गोष्टीचा शेवट काय होता?"

"कसला शेवट? रस्ता संपेपर्यंत ताणत होते मी. सुचेल ते."

मी फोन ठेवला. बायको गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. घरात मी एकटा. मनाशी म्हटलं, एकदाचं मिटवू.

"आत सुई होती," मी मोठ्याने म्हणालो. "शिंपी ती घेऊन घरी गेला. संपली गोष्ट. मला परत आणलंस, तुझे आभार."

'हं' आला नाही.

इतकी वर्षं छातीवर असलेलं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

आणि मानेमागून, सहावीतल्या माझ्या आवाजात...

"मग?"

ताईला सांगितलं. हसली. ढब्याने नव्या फोनची लिंक पाठवली.

म्हणून हे लिहून पाठवतोय. तोंडाने काही सांगायची आता माझी सोय राहिलेली नाही.